अण्णांचे परमिट

यंदा आपल्या महाविद्यालयात व्यसनमुक्ती सप्ताह साजरा झाला. फेरी निघाली, फलक रंगवले गेले, शपथ झाली आणि रिवाजाप्रमाणे वक्तृत्व स्पर्धाही झाली. मराठी गटाचा परीक्षक म्हणून माझी नेमणूक होती. सतरा स्पर्धक बोलले. सतराच्या सतरा जणांनी व्यसनाचे मूळ दुबळ्या मनात शोधले आणि उपाय म्हणून मनोनिग्रह सांगितला. (कन्नड गटाच्या परीक्षकांना विचारले, तर तिकडेही तीच गत!) एकाने टेबलावर मूठ आपटून 'एक घाव दोन तुकडे' असे जाहीर केले आणि टाळ्या घेतल्या. मी त्याला दुसरे बक्षीस दिले. आवाज चांगला होता.

स्पर्धा आटोपल्यावर एक विद्यार्थी जिन्यापाशी थांबलेला दिसला. तो स्पर्धेत नव्हता. म्हणाला, "सर, घरात कुणी गर्दवर असेल, तीन वेळा सोडून परत लागलं असेल, तर चौथ्यांदा काय करायचं?"

उत्तर मला ठाऊक होते. पण ते जिन्यात उभे राहून दोन वाक्यांत सांगण्याजोगे नव्हते. ते सांगायचे तर बडोद्याच्या नागरवाड्यापासून सुरुवात करावी लागते. त्या मुलाला मी नंतर घरी बोलावले, ते वेगळे. हा लेख बाकीच्या सतरा जणांसाठी आहे.

माझे बालपण नागरवाड्यात गेले. बडोद्याच्या जुन्या वस्तीतला हा भाग. नावात नागर असले तरी आमच्या वाड्यात सहा बिऱ्हाडे मराठी आणि दोन गुजराती होती. गायकवाडांबरोबर आणि त्यांच्यामागून आलेली ही मराठी घरे. कुणी फौजेत, कुणी दप्तरात, कुणी शाळेत. तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत अण्णा राहत. एके काळी महाराजांच्या खानगी खात्यात ते कारकून होते. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि अण्णांच्या वाट्याला पेन्शन, एक काळी टोपी आणि मोत्यासारखे मोडी अक्षर एवढे उरले. मी पाचवी-सहावीत असताना, म्हणजे १९७२-७३ च्या सुमारास, ते मला व्याजाची गणिते शिकवीत.

अण्णा अफू खात. ही गोष्ट वाड्यात कुणी लपवीत नसे. तिशीत गुडघ्याच्या दुखण्यावर कुणा वैद्याने सुरू करून दिलेली गोळी पुढे सुटली नाही. सकाळी आणि सायंकाळी, घड्याळ लावून, पितळी डबीतून ते हरभऱ्याएवढा तुकडा काढीत, वाटीत पाण्यात विरघळवीत, पिऊन टाकीत आणि वर गुळाचा खडा खात. रात्री इसबगोल, कारण अफू खाणाराचे पोट साफ होत नाही. बस्स, एवढाच सोहळा! त्यानंतर ते वर्तमानपत्र वाचीत, वाड्याच्या पाणीपट्टीचा हिशेब ठेवीत, कुणाच्या तरी मुलीची पत्रिका पाहत. त्यांना झिंगलेले असे मी कधी पाहिले नाही.

त्यांच्याजवळ एक परमिट होते. लहानसे पुस्तक, आत त्यांचे छायाचित्र, महिन्याला किती अफू मिळावी त्याचा आकडा, आणि दर खेपेचा शिक्का. दुकान ठरलेले, माप ठरलेले. एकदा नूतनीकरणाच्या कागदाला काही दिवस उशीर झाला. ते चार दिवस माझ्या चांगले स्मरणात आहेत. अण्णांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होते, जांभयांवर जांभया येत होत्या, मे महिन्यात अंगावर काटा होता, पाय गोळ्यांनी आखडत होते आणि ते संडासातून बाहेर येईनात. गणित तर दूरच, माझे नावसुद्धा त्यांना आठवेना. पाचव्या दिवशी कागद आला. तासाभरात अण्णा पुन्हा माणसात आले आणि म्हणाले, "बस. चक्रवाढ काढ."

हे परमिट आले कोठून, हे मला पुष्कळ उशिरा कळले. बडोदा संस्थानात अफू हा सरकारी मक्त्याचा माल होता; उत्तरेकडच्या कडी प्रांतात खसखशीची शेते होती आणि तिजोरीत त्याचा पैसा येई. त्या पिढीला अफूचे अप्रूप नव्हते. कामावर जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना बाळागोळी देऊन निजवीत, तीही अफूचीच. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली अखिल भारतीय अफू परिषदेने ठरवले की दहा वर्षांत पुरवठा कमी करत करत औषधाखेरीजची अफू बंद करायची. त्याप्रमाणे १ एप्रिल १९५९ पासून ती बंद झाली. पण ज्यांचे शरीर आता अफूविना चालणारच नाही अशा जुन्या माणसांचे काय, हा प्रश्न सरकारने टाळला नाही. त्यांची नोंद केली, डॉक्टरचा दाखला घेतला आणि परवान्यावर माप बांधून दिले. पुढे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने अशा वापरालाही पंधरा वर्षांची मुदत घातली, ती १९७९ अखेर संपली. अण्णा त्याआधी दोन वर्षे वारले. वयाच्या पंचाहत्तरीत, अंथरुणात, न्यूमोनियाने.

त्या व्यवस्थेचे गोडवे मी गात नाही. तिच्यात डॉक्टर दाखल्यापुरता होता, उपचार नव्हता, आणि अफू विकून महसूल खाल्लेल्या सरकारनेच ती उभी केली होती. तरीही एक गोष्ट तिने ओळखली होती: या माणसाला नाव आहे, पत्ता आहे, त्याला रोज एक ठरावीक मात्रा लागते, आणि ती त्याला चोराकडून घ्यावी लागू नये.

१९८० नंतर आपल्या शहरांत वेगळाच माल आला. अफगाणिस्तान, पाकिस्तानकडून निघालेले हेरॉईन मुंबई-दिल्लीमार्गे पसरू लागले. तपकिरी, भेसळीचे, पुडीत मिळणारे ते 'ब्राउन शुगर'. मराठीत त्याला 'गर्द' म्हणू लागले, आणि अनिल अवचटांच्या त्याच नावाच्या पुस्तकाने ते घरोघर माहीत केले. १९८५ साली अमली पदार्थविरोधी कायदा आला. शिक्षा दहा-दहा वर्षांच्या.

माझा आतेभाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्याच वाड्यात, अण्णांच्या डोक्यावरच्या खोलीत वाढलेला. बी.कॉम. झाला, एका कारखान्यात हिशेबनीस म्हणून लागला. १९८७ च्या सुमारास त्याला गर्दची सवय लागली. आधी पन्नीवर ओढी, शेवटी शेवटी सुईवर आला. आत्याने काय केले नाही? नवस केले, दोरे बांधले, माळ्यावर कोंडले, मावशीकडे गावाला पाठवले. चार वेळा त्याने सोडली. दर वेळी तेच चार-पाच दिवस, जे मी लहानपणी अण्णांचे पाहिले होते. दर वेळी तो त्यातून बाहेर आला आणि दर वेळी काही आठवड्यांत परत गेला. मी तेव्हा इकडे सीमाभागात नव्याने अध्यापक झालो होतो. त्याला मी चार पानी पत्र लिहिले. त्यात 'इच्छाशक्ती' हा शब्द किती वेळा आला होता ते आज मोजायला मी धजत नाही.

१९९६ साली त्याला दुसऱ्या शहरातल्या एका खाजगी केंद्रात ठेवले. तीन आठवडे. परतला तो चांगला भरलेला, दाढी केलेला. नवव्या दिवशी संध्याकाळी तो गच्चीवर गेला. रात्री जेवायला हाक मारली तेव्हा खाली आला नाही. जुन्या सवयीने त्याने जुनीच मात्रा घेतली होती. पण तीन आठवड्यांत शरीराची ती सहन करण्याची ताकद उतरलेली असते. पूर्वी ज्या मात्रेने त्याची थरथर जेमतेम थांबे, त्याच मात्रेने श्वास थांबला. हे शास्त्र मला नंतर कळले. त्या केंद्रातून निघताना ते त्याला किंवा आत्याला कुणी सांगितले नव्हते.

दहाव्याला आत्या माझ्याशी बोलली. रडली नाही. म्हणाली, "अण्णांना सरकार मोजून देत होतं ने, तर अण्णा पंचाहत्तर वर्षं जगले. माझ्या पोराला सरकारनं काय दिलं?"

मला तेव्हा हा प्रश्न दुःखाच्या भरात विचारलेला वाटला. आज वाटते, त्या वर्षी या देशात कोणत्याही आरोग्य परिषदेत याहून नेमका प्रश्न विचारला गेला नसेल. कारण देण्यासारखे काही होते! १९९३ पासून दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे डॉक्टर हेरॉईनच्या रुग्णांना बुप्रेनॉर्फिन नावाची गोळी जिभेखाली ठेवायला देत होते. त्याहीपूर्वी, १९६४-६५ साली, न्यूयॉर्कमध्ये डोल आणि निस्वांडर या डॉक्टरांनी मेथाडोन हे औषध रोज देऊन माणसे कामावर परत जातात हे दाखवून दिले होते. म्हणजे आमच्या गच्चीवरच्या त्या संध्याकाळी हे ज्ञान तीस वर्षांचे जुने होते.

आता, 'एका नशेच्या जागी दुसरी नशा!' हे वाक्य माझ्या सहकाऱ्यांनी स्टाफरूममध्ये मला ऐकवलेच. तेव्हा गोळीचे काम थोडक्यात सांगतो. हेरॉईन मेंदूतल्या ज्या जागी जाऊन बसते, तिथेच ही गोळी बसते, आणि अधिक घट्ट बसते. पण ती जागा ती अर्धीमुर्धीच चेतवते. थरथर, पोटदुखी, तलफ थांबते, चढत मात्र नाही. मात्रा वाढवली तरी एका मर्यादेपुढे परिणाम वाढत नाही, म्हणून एकट्या या गोळीने श्वास बंद पडण्याचा धोका हेरॉईनच्या मानाने पुष्कळ कमी. दारू किंवा झोपेच्या गोळ्या बरोबर घेतल्या तर मात्र तो वाढतो. परिणाम दिवसभर टिकतो, त्यामुळे चार-चार तासांनी पुडीसाठी धावावे लागत नाही. सुरू करण्याचीही पद्धत आहे. हेरॉईन अंगात असताना ती दिली तर उलट त्रास उसळतो, म्हणून आधी लक्षणे दिसू लागेपर्यंत थांबावे लागते. गोळी विरघळायला पाच-दहा मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ परिचारिका समोर बसते. हे किती दिवस? महिने, वर्षे, काहींना बहुधा जन्मभर. घाईने बंद केली तर बहुतेकजण परत जातात. रक्तदाबाची गोळी जन्मभर घेणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना यात धक्का बसण्यासारखे काय आहे, मला समजत नाही. नशा कशाला म्हणायचे? ज्याच्यापायी माणूस काम, घर, शरम सोडतो त्याला. अण्णांनी यातले काहीच सोडले नव्हते.

जगाने हे करून पाहिले आहे. फ्रान्सने १९९५-९६ साली साध्या गल्लीतल्या डॉक्टरांना ही गोळी लिहून देण्याची मुभा दिली आणि चार वर्षांत तिथले अतिमात्रेचे मृत्यू चार-पंचमांशाने घटले. धर्मसत्ता असलेल्या इराणनेही मेथाडोन स्वीकारले, थेट तुरुंगांतसुद्धा. २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेने दोन्ही औषधे आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्या एकत्र करून २०१७ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात दिसले, की उपचार चालू असताना मृत्यूचे प्रमाण बाहेर असलेल्यांच्या निम्म्याहून कमी असते, आणि उपचार सोडल्यानंतरचे पहिले चार आठवडे सर्वांत घातक. माझ्या भावाला नऊ दिवस मिळाले.

मग आपल्या सरकारने काहीच केले नाही का? केले, पण आडवाटेने. सुईतून एड्स पसरतो हे मणिपूरमध्ये भयंकर रीतीने दिसून आले, आणि २००७ पासूनच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात ही गोळी सरकारी खर्चाने देण्याची केंद्रे सुरू झाली. चांगलेच झाले. मात्र तो कार्यक्रम एड्सचा, म्हणून ती केंद्रे मुख्यतः सुई टोचून घेणाऱ्यांसाठी. पन्नीवर ओढणारा, अफू खाणारा, औषधाच्या दुकानातल्या गोळ्यांवर गेलेला माणूस त्या दारात बसत नाही. त्याने काय आधी सुई धरावी आणि मग यावे? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे देशात अफूवर्गीय पदार्थ घेणारे सुमारे २ कोटी २६ लाख आहेत. ज्यांना उपचारांची गरज आहे त्यांतले निम्म्याहून अधिक मोजक्या राज्यांत आहेत, आणि त्या यादीत पंजाब-हरियाणाबरोबर महाराष्ट्रही आहे, गुजरातही आहे.

पंजाबने २०१७ मध्ये वेगळी वाट धरली. बाह्यरुग्ण दवाखाने काढून सुई, पन्नी, अफू असा भेद न करता गोळी द्यायला सुरुवात केली. २०२० च्या टाळेबंदीत ती घरी नेण्याची मुभाही वाढवली. तिथे गोळ्या बाहेर विकल्या जातात अशा तक्रारी झाल्या आणि त्या खोट्या नाहीत. पण रेशनचा गहू बाहेर विकला जातो म्हणून कुणी रेशन बंद करा म्हणत नाही, नोंदवही नीट ठेवा म्हणतो. अलीकडे सामाजिक न्याय मंत्रालयाच्या पैशातून सरकारी रुग्णालयांत काही व्यसनोपचार केंद्रेही निघाली आहेत. म्हणजे एक मंत्रालय एड्ससाठी देते, दुसरे समाजकल्याण म्हणून देते, आणि ज्याचे हे नित्याचे काम असायला हवे ते जिल्हा रुग्णालयाचे बाह्यरुग्ण खाते बहुतेक ठिकाणी बाजूला उभे आहे.

इथे मुक्तांगणचे नाव घेतले नाही तर लेख अप्रामाणिक होईल. १९८६ साली पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून पुण्यात डॉ. अनिता अवचटांनी उभे केलेले ते केंद्र म्हणजे मराठी समाजाने या बाबतीत केलेले सर्वांत मोठे काम. तिथली वाट पूर्ण मुक्तीची. समूहाचा आधार घेऊन नशेविना जगायला शिकण्याची. ती वाट हजारोंना मिळाली, त्या माणसांपुढे मी हात जोडतो. पण त्या वाटेने तीनदा, चारदा जाऊन जो परतला, त्याच्यासाठी दुसरे दार असले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे. पहिल्या दाराशी त्याचे भांडण नाही.

आणि यासाठी नवा कायदाही नको. ज्या १९८५ च्या कायद्याचे नाव काढताच पालक घाबरतात, त्याचेच कलम ७१ काढून वाचा. सरकारने उपचार केंद्रे काढावीत आणि नोंदणी झालेल्या व्यसनी माणसांना, तसेच वैद्यकीय गरज असेल तिथे इतरांनाही, ही द्रव्ये पुरवावीत, अशी तरतूद त्यात पहिल्यापासून आहे. अण्णांचे परमिटच ते, फक्त कायद्याच्या भाषेत! गुजरातेत दारूबंदी आहे, तरी प्रकृतीच्या कारणासाठी तिथे दारूचे परमिट मिळते; वैद्यकीय मंडळ तपासते, माप ठरते, दर काही काळाने नूतनीकरण होते. त्यावर कुणी सरकारला दारूडे म्हणत नाही. परमिट काढणारी माणसे बहुधा बऱ्या घरची असतात, हेही एक कारण असेल.

नागरवाड्यातून सयाजीराव रुग्णालय चालत जाण्याजोगे आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या गावी असे एखादे सरकारी रुग्णालय असतेच, आपल्याकडेही आहे. तिथल्या मानसोपचार विभागात, मधुमेहाच्या रांगेशेजारी, ही एक रांग असावी. वेगळी इमारत नको, वेगळी पाटीही नको; पाटी असली की शेजारी वाचतात. नाव नोंदवावे, लघवी तपासावी, मात्रा ठरवावी, पहिले काही आठवडे गोळी डोळ्यांसमोर द्यावी. मग जो स्थिरावला त्याला आठवड्याची घरी न्यायला द्यावी, आणि ती नालोक्सोन मिसळलेली असावी, म्हणजे कुणी ती विरघळवून टोचू पाहील तर हाती त्रासच येईल. घरच्यांना समोर बसवून अतिमात्रेचा धोका सांगावा, विशेषतः तुरुंगातून किंवा केंद्रातून नुकत्या सुटलेल्यांच्या घरच्यांना.

एक बारीकशी गोष्ट राहिली. जिन्यातल्या त्या मुलाचा भाऊ फाउंड्रीत कामाला जातो, सकाळी आठच्या पाळीला. सरकारी दवाखान्याची खिडकी साडेनऊच्या आत उघडत नाही. रोज गोळीसाठी थांबला तर महिनाभरात नोकरी जाईल, आणि नोकरी गेली की गोळीही जाईल. अण्णांच्या दुकानाला हे कळत होते. ते सकाळी सातला उघडे.